मनकर्णाच्या नावानं

योगेश : मावशी, जरा थांबा. असं कसं होईल? कॉम्प्युटर म्हणतोय तुमची गर्भपिशवी आधीच काढलेली आहे.

मनकर्णा : काढलेली? मग त्या सोनोग्राफीवाल्या मॅडमनं सकाळी माझ्या पोटात काय पाहिलं, भोपळा?

योगेश : तेच तर. हा रिपोर्ट म्हणतो पिशवी आहे, तिच्यात लिंबाएवढ्या दोन गाठी आहेत. आणि इथं मोफत उपचाराच्या सरकारी योजनेत नोंद आहे. मनकर्णा सोनाजी, राहणार पुसेगाव, तालुका सेनगाव. पिशवीचं ऑपरेशन, जानेवारी दोन हजार वीस. रेशन कार्डाचा नंबर तुमचाच.

मंजुषा : जुनी नोंद असंल, योगेशभाऊ. कोणाची तरी कोणाला चिकटली असंल.

योगेश : मंजुषाताई, तुम्ही गावच्या आशा. महिन्याला चार-पाच पेशंट माझ्या टेबलावर आणता. तुम्हीच सांगा, चुकून नाव चिकटेल, पण चुकून पिशवी निघते का?

मंजुषा : न्हाई निघत.

योगेश : या तुमच्या कोण?

मंजुषा : थोरल्या जाऊबाई. अक्का म्हणते मी.

योगेश : मग तुम्हाला माहीत असेल ना. वीस साली अक्का कुठं ॲडमिट होत्या?

मनकर्णा : तिला काय इचारता? मला इचारा. मी उभ्या जन्मात एकदाच दवाखान्यात निजले, पोराच्या वक्ताला. तेबी सरकारी.

योगेश : मग मावशी, तुमच्या कार्डावर कोणीतरी दुसऱ्याच बाईचं ऑपरेशन केलंय. पैसे सरकारनं भरलेत. आता मी तुमची फाईल वर पाठवली की पहिल्या मिनिटाला परत येणार. एका बाईला दोन गर्भपिशव्या नसतात म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील.

मनकर्णा : मग करावं काय?

योगेश : अर्ज द्यावा लागेल, की ते ऑपरेशन माझं नव्हतं. मग चौकशी. तीन महिने, चार महिने, काही सांगता येत नाही. ज्या बाईचं झालं तिनं स्वतः लिहून दिलं, सही केली, तर मी साहेबांशी बोलून आजच्या आज पाठवून बघतो. पण अशी कोण येतंय सही करायला?

मनकर्णा : आन् नगदी केलं तर?

योगेश : पंचावन्न हजार. रक्ताच्या पिशव्या वेगळ्या. योजनेत बसलं तर एक रुपया नाही. आणि मावशी, चार महिने थांबायची गोष्ट विसरा. तुमचं रक्त सहावर आलंय. डॉक्टर म्हणाले, ही बाई स्टँडपासून इथवर चालत आलीच कशी.

मनकर्णा : रिक्षावाला चाळीस म्हणून राहिला होता.

योगेश : हसू नका, मावशी. दोनपर्यंत मला सांगा, उद्याच्या लिस्टमध्ये नाव घालायचं का नाही. मी वॉर्डात जाऊन येतो.

(योगेश आत जातो. दोघी भिंतीलगतच्या बाकावर बसतात.)

मनकर्णा : बस अशी इकडं. पाणी पी. तुझा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा पडला.

मंजुषा : अक्का, मी सांगून टाकते त्याला.

मनकर्णा : काय सांगती? गप बस.

मंजुषा : माझं ऑपरेशन आहे ते. माझ्या पोटातली पिशवी, आन् नाव तुमचं. सहा वर्षं झाली, मी विसरले न्हाई अन् तो कॉम्प्युटरबी विसरला न्हाई.

मनकर्णा : हळू बोल! सारा दवाखाना ऐकून राहिला. आपण नगदी भरू.

मंजुषा : कुठून? सोयाबीनचे आले ते पोराच्या कॉलेजात गेले. तुमच्या मालकांनीच परवा फीची पावती दाखवली मला.

मनकर्णा : माझ्या खात्यात आहेत की, सरकारचे पंधराशे येतात दर महिन्याला.

मंजुषा : किती साठले?

मनकर्णा : असतील अठराशे-एकोणीसशे.

मंजुषा : एवढेच? बाकीचे काय केले, अक्का?

मनकर्णा : काय करते? खाल्ले. बाई माणसाला काही खर्च नसतो का?

मंजुषा : खरं सांगा.

मनकर्णा : मेडिकलमधून गोळ्या आणत होते. त्या खाल्ल्या की चार-आठ दिवस थांबायचं. महाग होत्या मेल्या. आता थांबंना गेलं, म्हणून तर तुझ्यासंगं आले. सरकारनं दिले, मेडिकलवाल्यानं नेले, मी मधी नुसती अंगठा लावायला.

मंजुषा : तुमी काहून केलं असं? मी घरात आशा असून?

मनकर्णा : तू आशा म्हणूनच. तुला सांगितलं असतं तर तू इथंच आणलं असतं, अन् हे असंच झालं असतं. मला का कळत न्हाई? माझ्या नावाची पिशवी तर निघून गेलेली. मी म्हणलं, वय झालं, आपोआप बंद होईल. बायांचं होतंच की बंद. माझंच मेलं होईना.

मंजुषा : मी त्या दिवशी मेले असते तर बरं झालं असतं.

मनकर्णा : थोबाड फोडीन. काहीबी बोलती. चूक झाली असंल तर माझी झाली.

मंजुषा : तुमची कशी?

मनकर्णा : तुझं नाव आमच्या राशन कार्डावरून कमी करा म्हणून कोण बसलं होतं तुझ्या सासूपाशी? मीच ना?

मंजुषा : तवा दुसरा इलाज न्हवता. ह्यांनी जीपच्या कर्जासाठी रिटर्न भरलं. एजंट म्हणला, बँकेला कमाई दाखवावी लागती. कागदावर सहा लाख दाखवले. घरात सहा हजार न्हवते. सूट-वजावट जाऊन बाराशेच, पण टॅक्स भरला तो भरला. आमी सगळे एकाच कार्डावर. गावात बोंब झाली, टॅक्सवाल्याच्या घराचं राशन तुटतं, शेतीचे दोन हजारबी तुटतात.

मनकर्णा : तेच म्हणून राहिले मी. माऊलीभाऊजींनी जीप घेतली, मला भ्या पडलं गव्हा-तांदळाचं. म्हणलं, या दोघांचं नाव कमी करा, कागदावर येगळे व्हा, चूल एकच राहू द्या. तुमी मुकाट्यानं नाव कमी केलं. माझं राशन वाचलं. तुमचं नवं कार्ड सेनगावच्या टेबलावरच फिरत राहिलं. अन् तीनच महिन्यात तुला रक्ताची धार लागली. तुझं नाव कार्डावर असतं तर तुझं ऑपरेशन तुझ्या नावानं झालं असतं. सांग, चूक कोणाची?

मंजुषा : आमच्याकडं दवाखान्याच्या खर्चाची पॉलिसी होती की. कर्जासंगं बँकेनं गळ्यात मारलेली. अकरा हजार हप्ता, वर दोन हजार टॅक्स.

मनकर्णा : तिचं तर नावच काढू नको! तुझं रक्त वाहून राहिलं अन् तो पॉलिसीवाला फोनवर म्हणतो, ताई, पिशवीच्या आजाराला दोन वर्षं थांबावं लागतं. पिशवी काय एसटी आहे का, थांब्यावर थांबायला? तेरा हजार पाण्यात. दुसऱ्या वर्षी हप्ता भरायला जमलं न्हाई, पॉलिसी बंद.

मंजुषा : तवा तुमी म्हणल्या, माझ्या नावानं कर.

मनकर्णा : मग काय मरू देते?

मंजुषा : मतदान कार्डावरचा तुमचा फोटो काळा ठिक्कर. मी पदर पुढं ओढला अन् मनकर्णा म्हणून निजले. तिथल्या सिस्टर हाका मारायच्या, मनकर्णाबाई, मनकर्णाबाई. मी ओ द्यायची इसरायची. दहा दिवस तुमचं नाव घेऊन राहिले अन् सुटी झाल्यावर तुमाला परत दिलं, मोकळं करून. आता कोणत्या तोंडानं म्हणू, दीदी, मावशी, दवाखान्याचं कार्ड काढा, पाच लाखापर्यंत फुकट आहे? गावात साडेतीनशे कार्डं काढली मी. सगळ्यांचे अंगठे घेतले.

मनकर्णा : माझंबी काढलं की.

मंजुषा : तुमचं सगळ्यात शेवटी काढलं. वाटलं, लागूच नये कधी.

मनकर्णा : बरं, आता ऐक माझं. तू त्याला काही सांगायचं न्हाई. जीप गेली, भाऊजी दुसऱ्याच्या गाडीवर डायव्हर. तुझ्या आशाच्या पैशावर दोन लेकरं शाळेत जाऊन राहिलीत. ते गेलं तर मी घरात तोंड कसं दाखवू? आपण घरी जाऊ. हे माझ्या माहेरून आणतील वीस-तीस. पुढच्या महिन्यात येऊ.

मंजुषा : पुढच्या महिन्यापर्यंत तुमी राहाल का?

मनकर्णा : न राहायला काय झालं? अजून तुझ्याशी भांडू शकते.

(योगेश परत येतो.)

योगेश : काय ठरलं, मावशी? दोन वाजले. डॉक्टर लिस्ट मागतायत.

मनकर्णा : आमी पुढच्या महिन्यात येतो, बापू. नगदी घेऊन येतो.

मंजुषा : येत न्हाई. योगेशभाऊ, ते ऑपरेशन माझं आहे.

मनकर्णा : तिला चक्कर येऊन राहिली. सकाळपासून उपाशी आहे, काहीबी बोलती.

योगेश : काय म्हणालात, ताई?

मंजुषा : जानेवारी वीस. पिशवी माझी काढली. पोटावर टाके आहेत, मॅडमला दाखवते. सोनोग्राफी करा, माझ्या पोटात सापडणार न्हाई. कार्ड अक्काचं वापरलं. लिहून घ्या, सही करते.

योगेश : ताई, तुम्ही? बसा आधी. हे बघा, मी तुम्हाला फसवून सही घेणार नाही. ही सही झाली की कागद वर जाणार. त्या ऑपरेशनचे पैसे तुमच्याकडून वसूल करतील. आणि तुमच्या आशाच्या कामाचं... ते माझ्या हातात नाही. राहीलच असं मी म्हणू शकत नाही.

मंजुषा : उद्याच्या लिस्टमध्ये अक्काचं नाव लागंल का, तेवढं सांगा.

योगेश : साहेबांना आत्ता फोन लावतो. पेशंटचं रक्त सहा आहे म्हटल्यावर अडवणार नाहीत. मला तरी वाटतं, लागेल.

मंजुषा : मग लिहा.

मनकर्णा : लिहायचंच असंल तर माझंबी नाव लिहा. कार्ड तिनं चोरलं न्हाई, मी दिलं. माझ्या हातानं, पिशवीत घालून, वर भाकरी बांधून दिली. वसूल करायचे तर दोघींकडून निमे-निमे करा.

योगेश : मावशी, तुम्ही कशाला अडकता?

मनकर्णा : घरची बाई होती, बापू. मरून राहिली होती. तुझ्या घरची असती तर तू काय केलं असतं?

योगेश : ते विचारू नका. मी या खुर्चीत बसलोय. बरं, एका कागदावर दोघींचं घेतो. नाव, वय, पत्ता झालं. सोनोग्राफीचा रिपोर्ट जोडला. आता पेशंटची माहिती तेवढी राहिली. मावशी, अंगावरून जायचा त्रास कधीपासून?

मनकर्णा : लिही, तीन महिने.

योगेश : तीन महिने.

मंजुषा : तीन महिने न्हाई. दोन वर्षं लिहा.

मनकर्णा : मंजे, तुला काय ठाऊक? तकलीफ माझी का तुझी?

मंजुषा : ठाऊक आहे मला. योगेशभाऊ, आमाला घरोघर जाऊन इचारावं लागतं, तीस वर्षांवरच्या सगळ्या बायांना. अंगावरून जास्त जातं का, पाळी सोडून मधीच जातं का. मी सगळ्या गावाला इचारलं. ज्या बायांशी आमचं बोलणं न्हाई, त्यांच्याबी दारात गेले. अन् घरी येऊन, अक्कानं वाढलेलं जेवून, अक्काच्या नावापुढं न इचारताच 'नाही' लिहिलं. दोन वर्षं.

मनकर्णा : आगं...

मंजुषा : इचारलं असतं तर तुमी खोटं बोलल्या असत्या, पण मला तुमचं तोंड दिसलं असतं. मग इथं आणावं लागलं असतं. इथं आणलं की हे निघणार. मी माझी नोकरी धरून बसले, अक्का. तुमचं रक्त वाहू दिलं.

योगेश : ताई, हे कागदावर यायची गरज नाही.

मंजुषा : दोन वर्षं लिहा. डॉक्टरला खरं कळलं पाहिजे.

योगेश : लिहिलं.

मनकर्णा : पण तुला कळलं कसं? मी तर कोणाला बोलले न्हाई. ह्यांनासुदीक न्हाई.

मंजुषा : तुमचे पाळीचे कपडे. गोठ्यामागं, तुराट्यांच्या गंजीवर वाळत असायचे.

मनकर्णा : तिथं मी ते तुला दिसू नयेत म्हणून घालत होते, बाई.