हजेरीची सही

संशोधक म्हणून मिरवायची माझी हौस कुठं फिटली, ते सांगतो. उजनीकाठच्या एका गावात पिण्याच्या पाण्याचा प्रकल्प झाला होता. जिल्हा परिषद, एक कंपनी, आमचं कॉलेज आणि गावातल्या मासे विकणाऱ्या बायकांचा गट, असे चार भागीदार. ही भागीदारी कशी चालली, ते अभ्यासायला मी सोलापुरातून गेलो. गटानं आपली काठावरची जागा प्रकल्पाला दिल्याचं ज्यात लिहिलं होतं, तो करार गटाच्या अध्यक्ष शांताबाईंना दाखवला.

"करार? आमी कवा केला?"

"शेवटच्या पानावर तुम्हा सगळ्यांच्या सह्या आहेत की."

त्यांनी पान जवळ धरलं. "सही माजीच हाय. पण ही ट्रेनिंगच्या हजेरीची. तुमीच घेतली न्हवं का, चहाच्या आदी?"

प्रकल्पाच्या सुरुवातीला कॉलेजतर्फे बायकांचं ट्रेनिंग मीच घेतलं होतं. बघतो तर रकान्यांच्या रेघा माझ्याच हातच्या. वरचा 'हजेरी' हा शब्द तेवढा झेरॉक्समध्ये कापला गेला होता, आणि कुणीतरी तो कागद कराराला जोडला होता.

"होड्या लावायची आमची जागा पंपघरात गेली," त्या म्हणाल्या. "आमी म्हनायचो, सरकारनं घेतली. म्हंजे आमीच दिली व्हय?"

सवयीनं मी मुलाखतीचं संमतिपत्र पुढं केलं. त्यांनी ते माझ्याकडून सगळं वाचून घेतलं, सही केली आणि खालच्या कोऱ्या जागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. मग कागद उलटून मागंही मारली.

"न्या आता," त्या म्हणाल्या. "आनि काय लिवायला जागा ऱ्हायली न्हाय."