दुमडलेला कोपरा

मंडळी, आधी एक सांगा. आपल्याला ठाऊक आहे, समोरच्याला ठाऊक नाही. त्यानं विचारलं, आणि आपण वेळ मारून नेली — तर आपण कुणाचं काय वाईट केलं? काहीच नाही ना? माना डोलवू नका एवढ्यात, ऐका!

कोकणातल्या एका बाजारगावात गोगटे डॉक्टरांचा दवाखाना, आणि तिथं विश्रामअण्णा कंपाउंडर. एकतीस वर्षं! पेशंट पायरीवर चप्पल काढतोय, तोवर अण्णांच्या हातात त्याचा केसपेपर! डॉक्टरांना लिहायचा भारी कंटाळा. म्हणून एखाद्याला एखादं इंजेक्शन सोसत नसलं, की अण्णा त्याच्या केसपेपरचा खालचा कोपरा दुमडून ठेवायचे. ही खूण एकट्या अण्णांनाच ठाऊक! सुई टोचण्याआधी डॉक्टर नुसतं विचारायचे, "अण्णा, चालेल ना?" अण्णा कोपरा बघून मान हलवायचे. अहो, त्या मानेवर दवाखाना चालत होता!

आणि मग डॉक्टरांच्या घरात सून आली — चारुलता. तिनं आणला काँप्युटर! "बाबा, सगळे केसपेपर यात घालू. नाव टाकलं की पेशंटची सगळी हकिकत समोर!" डॉक्टर खूश, पेशंट खूश. आपलं नाव पडद्यावर दिसतं म्हणून माणसं वाकून वाकून बघायला लागली. आणि अण्णांकडे? कुणी बघेना!

जळले हो अण्णा! त्यांच्या केसपेपरच्या कपाटावर एक दिवस चहाचे कप दिसले, तर त्यांना दुपारचं जेवण गेलं नाही. हसताय? उद्या तुमच्या खुर्चीत दुसरं कुणी बसू दे, मग बोलू आपण!

सून एकेक कागद यंत्रात सरकवत होती. मधेच म्हणाली, "अण्णा, काही कागदांचे कोपरे दुमडलेत. काही खूण आहे का हो?"

विचारलं! बरं का मंडळी, तिनं विचारलं!

अण्णांच्या अगदी ओठावर आलं. पण आतून मत्सर म्हणाला — विचार की तुझ्या यंत्राला! "जुने कागद, वहिनी. दुमडायचेच," अण्णा म्हणाले. आणि ती बिचारी नखानं एकेक कोपरा सरळ करायला लागली. अण्णा बघत राहिले.

महिन्याभरानं द्वारकाबाई भाजीवालीला उचलून आणलं. ताप एवढा, की बोलायची शुद्ध नाही. डॉक्टरांनी सुई भरली, आणि विचारलं — कुणाला? "सूनबाई, हिला काही सोसत नाही असं लिहिलंय का?"

"नाही, बाबा."

अण्णा दारातच उभे. चार वर्षांपूर्वी याच इंजेक्शननं बाईचा घसा सुजला होता, श्वास कोंडला होता. आणि खरं सांगू? पहिल्या क्षणी अण्णांना आनंद झाला! सापडलं यंत्र! दुसऱ्या क्षणी द्वारकाबाईच्या दंडावर कापूस फिरला.

"थांबा डॉक्टर! बाई मरेल!"

सुई थांबली. मग काय कौतुक! "अण्णा, तुमच्यापुढे हा काँप्युटर काय करणार!" हेच ऐकायला तळमळत होते ना? मिळालं! पण सून रडत होती. "अण्णा, माझंच काहीतरी राहून गेलं."

गप्प बसले असते तर जन्मभर मोठेपणा होता, मंडळी! "वहिनी, तुमचं काही राहिलं नाही. तुम्ही विचारलंत. मी जळत होतो, म्हणून सांगितलं नाही."

डॉक्टर अण्णांकडे पाठ करून स्वतःच दुसरं औषध काढायला लागले. ते अण्णांना फार लागलं.

सुनेनं मात्र डोळे पुसले आणि शेजारी स्टूल ओढलं. "बसा अण्णा." कोपरे सरळ झाले होते, पण घडी जाते कुठं? अण्णा एकेक कागद खिडकीच्या उजेडात धरायचे, घडी दिसली की नाव आणि न सोसणारं इंजेक्शन सांगायचे, ती लिहायची. आठ दिवस! पहिलं नाव द्वारकाबाईचं.

आता तुमच्याकडे वळतो. नव्या सुनेला सगळं शिकवलंत, एक गोष्ट हातची राखलीत ना, काकू? आणि साहेब, तुमच्या जागी आलेल्या पोराला फाईल दिलीत, फाईलमधली गोम सांगितलीत? टाळ्या नकोत! आज घरी जा, त्या माणसाला समोर बसवा, आणि दुमडलेला कोपरा उलगडून दाखवा. मग उद्या कीर्तनाला या — देवाचं नाम आपण उद्या घेऊ!