शेंडी बदकाचा फोटो

अरे, शेंडी बदकाचा फोटो काढणं काय असतं, ते मला विचारा. धामापूरच्या तळ्यात मला ते दिसलं, तर सावंतवाडीचे पक्षी जाणणारे सर म्हणाले, “पाणकोंबडी असेल. फोटो आण, मग बोलू.”

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन गेलो. मी रोखला की बदक बुडी मारायचं आणि भलतीकडेच वर यायचं. रोलमध्ये एकच फोटो उरला. सोबत आई होती, जन्मभर मासे विकलेली. म्हणाली, “बदकाक बघू नको रे. बुडबुडे खंय जातत ता बघ.”

तसंच केलं. बदक नेमकं समोर वर आलं, डोक्यामागे ओली शेंडी!

फोटो बघून सरांनी नोंदवही उघडली. “फोटो कोणाचा लिहू?”

मी छाती फुगवून आईचं नाव सांगितलं.