मेन चालू ठेवून

(व्हरमाँटच्या डोंगरातलं मेपलचं गुऱ्हाळ; मेपलच्या झाडांचा रस नळ्यांतून पंपाने ओढून इथे त्याचा पाक काढतात. भिंतीवरच्या जुन्या फोनवर ऑरिन. दुसऱ्या टोकाला, बर्लिंग्टनच्या इस्पितळात, खाटेवर त्याची बायको ग्लेंडा; इस्पितळाचा फोन कानाला, स्वतःचा मोबाइल हातात.)

ऑरिन : नाही म्हणजे नाही. उद्या तुझं काळीज कापणार आणि मी इथे कढईतला फेस बघत बसणार? मी येतोय.

ग्लेंडा : काळीज नाही, झडप. आणि येऊन काय करणार? डॉक्टरला सुऱ्या धुऊन देणार? रस नुसता धो धो वाहतोय, ऑरिन. असा आठवडा वर्षातून एकदाच मिळतो.

ऑरिन : कढई एल्डन सांभाळेल. शेजारी कशाला असतो?

ग्लेंडा : एल्डन पाक झकास काढेल. पण कॉम्प्युटरचा पडदा दिसला की टोपी डोळ्यांवर ओढतो. कुठल्या नळीला खारीने दात मारले, दाब कुठे पडला, हे त्याला कोण सांगणार? गोठायला लागलं की पंप कोण बंद करणार? आज मी इथून मोबाइलवर सगळं बघतेय. उद्या सकाळी मला भूल देतील.

ऑरिन : तेच तर! जे तुझ्या मोबाइलवर आहे ते माझ्या मोबाइलवर घाल. तुझ्या उशाशी बसून मी बघेन.

ग्लेंडा : तू? परवा टॉर्च लावायला गेलास आणि स्वतःच्या नाकाचा फोटो काढलास.

ऑरिन : चेष्टा मागून कर. मोबाइल हातात आहे, चष्मा नाकावर आहे. शिकव.

ग्लेंडा : महाहट्टी आहेस.

ऑरिन : तुझ्याच शाळेत शिकलो. बोल लवकर, दुपार कलायला लागलीय. रस्ता म्हणजे नुसता चिखल आहे, ट्रकला वेळ लागणार.

ग्लेंडा : बरं. कॉम्प्युटरचा पडदा मोबाइलवर दाखवणारं ॲप मागे सांगितलं होतं, ते उतरवलंस?

ऑरिन : उतरवलं. निळं आहे.

ग्लेंडा : आता कॉम्प्युटरवर 'नवीन मोबाइल जोडा' असं कुठेतरी दिसेल, ते दाब.

ऑरिन : दाबलं. चौकटीत मुंग्या आल्या.

ग्लेंडा : त्या मुंग्यांवर मोबाइलचा कॅमेरा धर.

ऑरिन : वाफेनं काच धुरकटलीय.

ग्लेंडा : पूस ना मग!

ऑरिन : शर्टाला सगळा पाक लागलाय.

ग्लेंडा : आतल्या बनियनने पूस. अख्ख्या गुऱ्हाळात तेवढंच कोरडं असेल.

ऑरिन : वाजलं! पासवर्ड मागतोय.

ग्लेंडा : हं. तो... 'ऑरिनहातलावूनकोस'. सगळं सलग.

ऑरिन : 'ऑरिन... हात...'

ग्लेंडा : लिहितोस ना?

ऑरिन : लिहितोय, लिहितोय. कधीपासून आहे हा?

ग्लेंडा : तू पंपाच्या आकड्यांत बोटं घातलीस आणि दिवसाचा रस ओढ्याला पाजलास, तेव्हापासून.

ऑरिन : ओढा गोड झाला त्या वर्षी. ... उघडलं! ग्लेंडा, अख्खा पडदा मोबाइलमध्ये आला. पडद्यावरच्या फोटोतलं तुझं मांजरसुद्धा!

ग्लेंडा : मलाही तोच पडदा दिसतोय. तू बोट फिरवलंस की इथे बाण हलतो. आता एक कर. हा कॉम्प्युटर थोड्या वेळाने आपोआप झोपतो. सेटिंगमध्ये जाऊन त्याची झोप बंद कर.

ऑरिन : केली. आता तोही माझ्यासारखाच जागा.

ग्लेंडा : आता खरी परीक्षा. मोबाइलचं वायफाय बंद कर आणि वर टपालपेटीपाशी जा, रेंज तिथेच येते. तिथून आपल्या पडद्यावर कोरं पान उघड आणि काहीतरी लिही. मला दिसलं तर तू पास. हा फोन ठेवू नकोस, नुसता लटकत सोड.

ऑरिन : आलोच.

नर्स : ग्लेंडाबाई, फोन कानाला आणि तोंड गप्प? कोणाची वाट बघताय?

ग्लेंडा : नवऱ्याची, ब्रिजिट. टपालपेटीपर्यंत गेलाय, चिखल तुडवत. इस्पितळात बसून गुऱ्हाळ चालवायची स्वप्नं पडताहेत त्याला. ... अगं बाई! पडदाच गेला.

नर्स : कसला पडदा?

ग्लेंडा : गुऱ्हाळातल्या कॉम्प्युटरचा. हा दाराबाहेर पडला आणि... हात्तिच्या. विजेचा मेन बंद केला त्याने.

नर्स : मुद्दाम?

ग्लेंडा : मुद्दाम कुठला! याच्या वडिलांचं गुऱ्हाळ जळालं होतं. एका वायरीपायी. ऑरिन लहान होता. ओंजळीने बर्फ टाकून टाकून हाताची सालं निघाली, तरी राखच झाली. तेव्हापासून उंबरा ओलांडला की मेनची दांडी खाली. जेवायला घरी आला तरी. पंपाची लाइन वेगळी आहे म्हणून निदान पंप तरी चालतो.

नर्स : म्हणजे ते इकडे यायचे असतील तर मेन चालू ठेवूनच यायला हवं.

ग्लेंडा : रात्रभर. रिकाम्या गुऱ्हाळात. त्याच्याच्याने व्हायचं नाही ते. म्हणून तर मी सकाळपासून येऊ नको येऊ नको म्हणतेय.

नर्स : आणि मनातून?

ग्लेंडा : मनातून काय! यावा असंच वाटतं. भीती वाटते ग मला. पण त्याला नको सांगूस.

ऑरिन : सांगायची गरज नाही. परत फोनवर आलोय मी.

ग्लेंडा : ... केव्हा आलास?

ऑरिन : भीती वाटते म्हणालीस तेव्हा. वर काही दिसेना. कॉम्प्युटर सापडत नाही म्हणतो मोबाइल.

ग्लेंडा : कसा सापडेल? बाहेर पडताना हात कुठे गेला होता तुझा?

ऑरिन : माझा हात? ... अरे देवा.

ग्लेंडा : जाऊ दे, ऑरिन. तू तिथेच थांब. मी ब्रिजिटचा हात धरीन, चांगली आहे पोर.

ऑरिन : वायरी सगळ्या नव्या आहेत. मागच्या उन्हाळ्यात मीच उभं राहून घालून घेतल्या.

ग्लेंडा : ठाऊक आहे.

ऑरिन : डोक्याला सगळं कळतं. हाताला कळत नाही. तेव्हा आता हात खिशात घालून बाहेर पडतो.

ग्लेंडा : आणि रात्री? झोप लागेल?

ऑरिन : नाही लागणार. पण ती तशीही लागणार नव्हती. मग तुझ्याजवळच्या खुर्चीत बसून जागतो. मेन चढवलाय. थांब तू.

नर्स : गेले?

ग्लेंडा : गेला. पडदा आलाय परत. ... अजून आहे. दारापर्यंत पोचला असेल आता. ... आहे अजून.

नर्स : ग्लेंडाबाई, श्वास घ्या. डॉक्टर मला ओरडतील.

ग्लेंडा : बाण हलला! बघ, बघ, कोरं पान उघडलंन.

नर्स : 'मी'... 'मी आहे'. एवढंच?

ग्लेंडा : त्याच्या मानाने लांबलचक पत्र आहे ते.

ऑरिन : पोचलं का?

ग्लेंडा : पोचलं. मेन?

ऑरिन : वर. दोनदा मागे वळून बघितलं. पण वर. एल्डन आलाय, त्याला सांगितलंय, रात्री निघताना कढईखालचे निखारे विझव, भिंतीवरच्या मेनला हात लावू नकोस. नळी फुटली तर मी तिकडून फोन करीन. निघतो आता. पहिल्या रसाचा पाक बाटलीत घेतलाय. गोडावर तोंडी लावायला खारवलेली काकडीही घेतलीय. शुद्धीवर आलीस की खिडकीतला बर्फ घेऊन त्यावर पाक ओतून देतो.

ग्लेंडा : डॉक्टर देतील होय!

ऑरिन : त्यांना विचारतंय कोण?

ग्लेंडा : ऑरिन, थांब. चिखलात घाई करू नकोस. आणि पासवर्ड बदलतेय मी.

ऑरिन : आता? आत्ता कुठे पाठ झाला होता!

ग्लेंडा : जुना चालायचा नाही आता. लिहून घे.

ऑरिन : सांग.

ग्लेंडा : 'ऑरिनहातधर'.

ऑरिन : ... सगळं सलग?

ग्लेंडा : सगळं सलग.