दोन स्टॉप आधी

"तिला घरी यायलाच नको वाटतंय, दुसरं काय!" सासूबाई आत सासऱ्यांना सांगत होत्या आणि मी दाराबाहेर चपला काढत होते. लग्नाला तीनच महिने झालेले. माझं काय चुकलं तेच कळेना. त्या दिवशी सण नसताना माझ्या ताटात शिरा आला. दुसऱ्या दिवशी सासरे म्हणाले, "माहेरी जाऊन येतीस का?" मी आणखीच गोंधळले.

शेवटी सासूबाईंनीच चहा गाळता गाळता विचारलं, "पोरी, कुणी बोललं व्हय तुला? सारा गाव बघतोय, कंपनीच्या बसमधून तू रोज दोन स्टॉप आधीच उतरतीस!"

दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरायची, जिमला वेळ नव्हता, म्हणून तेवढंच चालणं. हे सगळं सांगायचं सोडून मी म्हणाले, "अहो आई, पण उतरून चालते ते घराकडंच ना!"