चौथ्या बाजूचं वारं

…आणि वर आई मलाच म्हणते, "नुसरत, चौथ्या बाजूने वारं येतंय!" येणारच की! मी काय वाऱ्याला आवतण धाडलं होतं?

तुम्हाला सांगतो, आमच्या घरात ऊब म्हणून एकच, ती म्हणजे संदली. जमिनीत खड्डा, खड्ड्यात जर्दाळूच्या लाकडाचे निखारे, त्यावर राख, वर बुटकं मेज, मेजावर ही एवढी रजई, आणि चारी बाजूंना चार माणसं, पाय आत घालून, रजई हनुवटीपर्यंत ओढून! ओंजळभर निखाऱ्यांवर अख्खा दिवस निघतो. विजेचं बिल नाही की काही नाही. अट एकच, चारी बाजूंनी रजई दाबून बसलं पाहिजे. आणि आम्ही माणसं तीन. आई, मोहिरा वहिनी आणि मी. चौथी बाजू, दाराजवळची, ती अकाची. माझा थोरला भाऊ हो, खुशवख्त. यंदा जर्दाळूची पानं गळायला लागली आणि त्याच्या छातीत कळ आली आणि… जाऊ द्या. मी वाऱ्याचं सांगत होतो.

तर त्या बाजूने रजई पडते सैल. आणि आमच्या पंजकंद गावचं वारं म्हणजे काय, फट दिसली की पाहुण्यासारखं आत येतं आणि जायचं नाव घेत नाही! मी म्हटलं, थांबा, मी आहे ना! गेलो बाजारात, विजेची शेगडी आणली. काय लाल झाली म्हणता! पण आईने बुटकं स्टूल घेतलं आणि मीटरसमोर जाऊन बसली. "बघ कसं फिरतंय! अरे, लग्नात पोरी फिरत नाहीत इतकं फिरतंय!" काढली वायर, आणि शेगडीवर भाकऱ्यांचं फडकं टाकून दिलं. शेगडी गार, आई गार, आणि चौथ्या बाजूने वारं!

मग मी डोकं लावलं. माणूस नाही तर नाही, वजन तर आहे? कांद्याचं पोतं आणून बसवलं अकाच्या जागी. बसलं की झकास! गप्प, जाडजूड, चहा मागत नाही. आठ दिवसांनी वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमच्या पाहुण्याला केस आलेत." बघतो तर काय, उबेला कांद्यांना ही हिरवीगार पात! पोतं बाहेर. वारं आत.

मग शेजारच्या रुखसोरा मावशी आल्या. त्या बसल्या तिथे, आणि वारं बंद म्हणजे साफ बंद! पण मावशींचं तोंड सुरू. "माझ्या सुनेने खिमा भरून मंतू उकडले, वाफच नाही गं! माझ्या सुनेने हे, माझ्या सुनेने ते…" तीन दिवस! चौथ्या दिवशी आईच मला हळूच म्हणाली, "नुसरत, वारं परवडलं रे."

आता मला सांगा, माणसाने करायचं काय? मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस, मला एकच सुचलं. हातोडा! रजईची ती कड सरळ खाली जमिनीवरच्या फळीला ठोकून टाकली. सात खिळे. वारं बंद! आणि आईने निखारे सारायला रजई उचलली, तर टर्रर्र… वहिनीच्या लग्नातली रजई हो ती. माहेरच्या बायकांनी महिनाभर बसून शिवलेली. मी हातोडा पाठीमागे लपवला. वहिनी फाटक्या कडेकडे बघते, सात खिळ्यांकडे बघते, माझ्याकडे बघते… आणि हसायला लागली! अका गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाली, "अहो भाऊजी, कांदे बसवले, मावशी बसवल्या, खिळे बसवले. तुम्हीच का बसत नाही तिथे?"

"मी? अकाच्या जागेवर? मरेन पण बसणार नाही!"

आई रजईची सुतं गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याची जागा? थोरला कधी दाराशी बसतो का रे? दाराशी धाकट्याने बसायचं, निखारे बघायचे, उठून चहा आणायचा. ती जागा तुझीच होती. तू उठायचा नाहीस, म्हणून तो बसायचा."

इतकी वर्षं मी दारापासून लांब, वरच्या मानाच्या बाजूला पाय पसरून ओरडायचो, "अका, चहा!" आणि तो उठायचा. एकदासुद्धा म्हणाला नाही हो, की नुसरत, ही तुझी जागा आहे म्हणून.

बसलो. गुपचूप जाऊन बसलो. आणि तुम्हाला सांगतो, पाय आत घातले तर गुडघे भाजायची वेळ! निखारे सारताना ते सगळ्यात जास्त त्याच बाजूला येतात. लबाड! कळलं मला तो का बोलला नाही ते! …जाऊ द्या.

जरा डोळा लागतोय, तोच आई. "दाराशी आहेस ना? मग चहा ठेव." उठलो. ठेवला. आणला. बसलो. पाय घातले. आणि आई म्हणते कशी, "नुसरत, आता तुझ्या जुन्या बाजूने वारं येतंय."

काय करणार? कांद्याचं पोतं आणून माझ्या जागी बसवलंय. आई म्हणते, तुझ्यापेक्षा हेच बरं… निदान चहा तरी मागत नाही.