प्रमिला सिस्टरची चिठ्ठी
नाही सर, मी काही येणार नाही — चहा घ्या, गार होतोय — तुम्ही धुळ्याहून धक्के खात शिंदखेड्याला आलात, कळतं मला, पण तुमच्या डेंटलच्या पोरांपुढे मी बोलू काय? नर्सिंगच्या मुलींबरोबर एका वर्गात बसणार नाही म्हणतात ना? म्हणणारच! आम्ही काय वेगळे होतो? आम्हाला सत्त्याऐंशी साली सिव्हिलच्या वॉर्डात पाठवायचे, मेडिकलची पोरं आम्हाला ‘दातवाले’ म्हणायची, आणि तो राग आम्ही नर्सेसवर काढायचो — आपल्याखालीही कुणीतरी असावं लागतं ना माणसाला? पेशंटला आधी काय काय विचारायचं ते वॉर्डातल्या सिस्टर शिकवायच्या, आम्ही कँटीनला, आणि हजेरीला आमच्यातला एकटा मगन सगळ्यांच्या नावाने ‘येस सर’. ‘दातच उपटायचेत, छातीचे ठोके कशाला ऐकायचे?’ — हे वाक्य माझं, सर. वर्ग हसला होता.

चांगलं उदाहरण म्हणून आलात तुम्ही माझ्याकडे. चांगलं! ऐका मग. चार वर्षं झाली, त्र्याण्णवची गोष्ट. कलाबाई म्हणून होती, नरडाण्याकडची, पंचवीस-सव्वीसची असेल, दाढ किडलेली, गाल हा एवढा सुजलेला. खुर्चीवर बसली आणि पदराची गाठ सोडून कागद काढला — ‘डॉक्टर, सरकारी दवाखानानी बाईनी चिठ्ठी दिधी शे.’ सरकारी दवाखान्यातली बाई म्हणजे प्रमिला सिस्टर. त्या हिला दर एकवीस दिवसांनी सुई टोचायच्या — कसली? ते मी विचारलंच नाही. म्हटलं, आता नर्सबाई मला दात काढायला शिकवणार! घडी न उलगडता कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि दाढ काढली — छान निघाली हो, मुळासकट, ती हसलीसुद्धा.

तिला लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेलेला — सुई त्याचीच — हृदयाची झडप खराब. अशांना दात काढायच्या आधी औषध द्यावं लागतं, नाहीतर तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात — तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच शिकवता. मलाही पाठ होतं सर, पेपरात लिहिलं होतं, चांगले मार्क पडले होते. विचारायची सवय मात्र नव्हती. पंधरा दिवसांनी तिला ताप सुरू झाला, मी दोनदा तापाच्या गोळ्या दिल्या, मग तिला धुळ्याला नेलं आणि तिथे — हो. गेली.

त्या दिवशी उघडली मी चिठ्ठी. दोन ओळी होत्या. ‘झडप खराब आहे. दात काढण्याआधी कृपया माझ्याशी बोलावे.’ कृपया लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. एवढंच विचारलं, ‘सर, चिठ्ठी मिळाली होती ना?’ आणि मी — अहो, चिठ्ठी माझ्या खिशात होती — मी म्हटलं, ‘कसली चिठ्ठी?’ बाई ‘बरं’ म्हणाल्या आणि गेल्या. सहा महिन्यांनी बदली झाली त्यांची. मी हे सांगणार नव्हतो तुम्हाला... कॉलेजातल्या गमती सांगून वाटेला लावणार होतो.

तिचा नवरा, सुपडू, अजून येतो. पोरीला घेऊन येतो दात दाखवायला. सिस्टरनी त्याला चिठ्ठीचं विचारलेलं, तर मलाच म्हणतो, ‘ती इसरी गई व्हई, भाऊ. तिनीच चूक.’ चिठ्ठी द्यायला तीच विसरली असेल म्हणून चार वर्षं मेलेल्या बायकोला दोष देतो आहे तो, माझ्यासमोर, आणि मी त्याच्या पोरीला म्हणतो, आ कर बाळा.

काय? सांगून टाकू त्याला? बोलणं सोपं आहे, सर. रोज सकाळी ठरवतो, आणि दवाखाना उघडला की हात धुऊन पहिला पेशंट घेतो. तुमची पोरं एका बाकावर बसली काय, न बसली काय — त्यांच्यातलाही कुणीतरी न वाचलेली चिठ्ठी टाकायला ड्रॉवर उघडणारच.

नाही. पुरे. ते पेन खिशात ठेवा. पोरांना सांगा, डॉक्टरांना वेळ नाही. उठा आता — उठा म्हटलं ना.